पंक्चर काढण्याची विद्या

पनवेल हे वाटांचे गाव आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ता येथूनच बोरघाटाची वाट धरतो. पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता त्यापासून वेगळा होतो. आणि २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाचा आरंभही शेजारच्या कळंबोलीला होतो. जेथे इतकी चाके फिरतात, तेथे खिळेही रुतायचेच. म्हणून या रस्त्यांच्या कडेला जागोजागी एखादी टपरी दिसते. दाराशी टांगलेला जुना टायर हीच तिची पाटी. आत हवा भरण्याचे यंत्र आणि पाण्याचे घमेले.

मुलांनो, अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या मुलाला वडीलधारी माणसे पुष्कळदा म्हणतात, ‘शिकला नाहीस, तर पंक्चर काढत बसशील!’ हे बोलणे मुलाच्या हितासाठीच असते. परंतु ते न्याय्य नाही, असे माझे मत आहे. पंक्चर काढावयास काही शिकावे लागत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते; आणि ते खरे नाही.

या कारागिराचे काम एकदा नीट पाहा. मोटार जॅकने उचलण्यापूर्वीच तो चाकाचे नट थोडे सैल करतो. कारण चाक अधांतरी झाले म्हणजे पान्याबरोबर तेच फिरू लागते. दुसऱ्या चाकाला दगडाची उटी लावावयास तो विसरत नाही. मग ट्यूब बाहेर काढून, तीत हवा भरून ती पाण्यात बुडवितो. जेथून बुडबुडे येतात, तेथे छिद्र! ती जागा कोरडी करून, कानशीने घासून तो तीवर सोल्युशन लावतो आणि स्वस्थ बसतो. गिऱ्हाईक घाई करीत असते, पण हा हलत नाही. सोल्युशनमधील पातळ द्रव उडून गेल्याशिवाय ठिगळ घट्ट बसत नाही, हे त्याला ठाऊक असते. शेवटी टायरच्या आतून तो सावकाश हात फिरवितो. खिळ्याचे टोक आत राहिले असेल, तर नवे ठिगळ दोन मैलही टिकावयाचे नाही.

आता बहुतेक मोटारींच्या टायरांत ट्यूब नसते. खिळा उपसून, भोक साफ करून, त्यात रबराची चिकट दोरी दाभणासारख्या हत्याराने खुपसली की झाले. हे काम सोपे खरे; पण टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडले असेल, तर जाणता कारागीर ते बुजविण्यास नकार देतो. ती भिंत चालताना सतत लवते आणि तेथे दोरी टिकत नाही. हा नकार देताना तो आपली मजुरी गमावतो आणि अनोळखी माणसाचा जीव सांभाळतो. याला विद्या म्हणावयाचे नाही, तर कशाला?

डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर स्वतःच्या हातांनी तयार केला. पण तो टायर चाकाला चिकटविलेला असे. फ्रान्समधील मिशलिन बंधूंकडे एकदा असे पंक्चर झालेले चाक आले, तेव्हा दुरुस्तीनंतर ते रात्रभर वाळत ठेवावे लागले. त्या त्रासातूनच त्यांनी १८९१ साली सहज काढता-घालता येणारा टायर बनविला. पुढे उभा राहिलेला केवढा तरी कारखाना एका पंक्चरपासून सुरू झाला म्हणा ना!

कोणी म्हणेल, पुढे या विद्येची गरजच उरणार नाही. टायरातील हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व दुरुस्तीचे साहित्य जवळ असलेल्या बिनट्यूबच्या मोटारींना जादा चाक बाळगण्यातून २०२० साली सरकारने सूट दिलीच आहे. पण याचा अर्थ उलट आहे. जादा चाक नाही, तेव्हा ते साहित्य मोटारीतल्याच कोणाला तरी वापरता आले पाहिजे. आणि रात्री, पावसात, घाटात टपरी सापडेलच असे नाही.

म्हणून शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हे काम शिकवावे, आणि शिकविण्यासाठी जवळच्या टपरीवरच्या कारागिराला मानाने बोलवावे. मोटार हवी असे नाही. सायकलची एक जुनी ट्यूब, कानस, सोल्युशनची नळी आणि पाण्याने भरलेले घमेले एवढे पुरे आहे.