कॅमेरा नाही, दार बघा

खारघरच्या पाळणाघरात 2016 साली दहा महिन्यांच्या बाळाला आया मारत होती, तेव्हा कॅमेरा चालूच होता. म्हणून मैत्रिणींना मी एकच विचारते: भरदुपारी न सांगता गेलात, तर आत घेतात का? कायद्याने कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरात आईला दिवसातून चारदा जाता येतं. खासगी ठिकाणी आपण एकदाही डोकावत नाही, कारण काय तर बाईंना राग येईल!

मूल बोलत नसलं तरी सांगतं. त्या गल्लीच्या वळणावरच गळ्याला घट्ट बिलगतं, झोपेत दचकतं. आमच्याकडे लगेच अम्मी नजर उतरवतात. उतरवू द्या, पण त्याआधी अंघोळ घालताना पाठ, मांड्या, कानामागे नीट पाहा. वळ दिसले तर फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा आणि 1098 ला फोन लावा.