नव्वद दिवसांचा हिशेब

मे महिना आला की अमेरिकेतील विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांची छायाचित्रे पुणे, नाशिक, ठाणे, सांगली, नागपूर अशा गावांतील घरोघरी येऊन पोहोचतात. काळा झगा, चौकोनी टोपी आणि हातात पदवीचे भेंडोळे असलेला मुलगा किंवा मुलगी पाहून आई-वडिलांना कृतार्थ वाटावे, यात वावगे काही नाही. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे अभिनंदनाचे दूरध्वनी येतात. परंतु त्याच सुमारास त्या पदवीधराच्या मनात एक वेगळेच गणित सुरू झालेले असते आणि घरातील फार थोड्यांना त्याची कल्पना असते. पदवी मिळाली आहे, नोकरी मिळालेली नाही, आणि ती शोधण्यासाठीचे दिवस कायद्याने मोजून दिलेले आहेत, अशी त्याची अवस्था असते.

हा प्रश्न मूठभरांचा राहिलेला नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि संख्येच्या बाबतीत भारताने त्या वर्षी चीनला मागे टाकले. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३,६३,०१९ वर गेला. या दुसऱ्या आकड्यातील १,४३,७४० जण शिक्षण संपवून प्रशिक्षणाच्या परवान्यावर तेथे राहिलेले होते. म्हणजे ज्यांना आपण सरसकट ‘शिकायला गेलेली मुले’ म्हणतो, त्यांच्यापैकी जवळपास दर पाचांतील दोघे वर्गाबाहेर पडून कामाच्या जगात उभे होते. त्यांतील अनेकांची शाखा संगणकशास्त्र, विदाविज्ञान अथवा अभियांत्रिकी हीच असते.

परवान्याची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. पदवीनंतर विद्यार्थ्याला स्वतःच्या विषयातील कामाचा अनुभव घेण्यासाठी १२ महिन्यांची मुभा मिळते. तिला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांच्या पदवीधरांना आणखी २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. २००८ मध्ये ही वाढ १७ महिन्यांची होती, २०१६ पासून ती २४ महिन्यांची झाली. मात्र पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेकार राहता येत नाही. या ९० दिवसांत शनिवार-रविवार धरले जातात, सण आणि आजारपणही धरले जाते. मर्यादा ओलांडली की तेथे राहण्याचा आधारच निसटतो.

त्यातही नोकरीचा शोध पदवीनंतर सुरू होतो, हा आपला समज चुकीचा आहे. ऑगस्टमध्ये विद्यार्थी तेथे उतरतो. किराणा कोठे मिळतो, बस कोठून सुटते हे कळायच्या आत, सप्टेंबरमध्येच पुढील उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करण्याची घाई सुरू झालेली असते. ज्याला ती मिळत नाही त्याचा पुढचा मार्ग अरुंद होतो. दोन वर्षांच्या म्हटल्या जाणाऱ्या या शिक्षणक्रमात नोकरीचा शोध अशा रीतीने पहिल्याच महिन्यात दाराशी येऊन बसतो.

या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, हेही पाहू. सकाळी उठल्यावर प्रथम टपालपेटी पाहायची. बहुधा रात्रीतून दोन-तीन नकार आलेले असतात. ‘आम्ही अन्य उमेदवारांचा विचार करीत आहोत’ या ठरावीक वाक्याचे. मग वर्ग, प्रयोगशाळा आणि विद्यापीठातील अर्धवेळ काम. सत्र सुरू असताना हे काम आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक करता येत नाही. कोणी ग्रंथालयात बसतो, कोणी भोजनगृहात ताटे उचलतो, कोणी प्राध्यापकांसाठी उत्तरपत्रिका तपासतो. दुपारनंतर अर्ज भरायचे. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर नवे खाते उघडायचे, एका पानात बसवलेला रेझ्युमे तेथे चढवायचा आणि त्याच रेझ्युमेतील मजकूर पुन्हा रकान्या-रकान्यांत भरायचा. ओळख ना पाळख अशा माजी विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर नम्रपणे लिहायचे, की आपल्या कंपनीत माझे नाव सुचवाल का? रात्री सहनिवासी मित्रांपैकी ज्याची पाळी असेल त्याने कुकर लावायचा आणि जेवणानंतर संगणकीय कोडी सोडवीत बसायचे, कारण मुलाखतीत तशीच कोडी घड्याळ लावून सोडवायला देतात. अर्जांची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात रोज ओळी वाढत जातात. शंभर होतात, तीनशे होतात. बहुतेक ओळींपुढचा रकाना रिकामाच राहतो. नकारापेक्षा हे मौन अधिक जाचक असते, असे ही मुले सांगतात.

अर्जात एक प्रश्न हमखास असतो : ‘आज अथवा भविष्यात तुम्हाला व्हिसासाठी कंपनीच्या साहाय्याची आवश्यकता भासेल काय?’ प्रामाणिक उत्तर ‘होय’ असेच असते, आणि अनेक ठिकाणी त्या एका शब्दावर अर्ज बाजूला पडतो. गुणवत्ता तपासण्याची वेळच येत नाही.

बाजाराची परिस्थितीही पालटली आहे. करोनाच्या काळात तंत्रज्ञान क्षेत्राने भरमसाट भरती केली आणि त्यानंतर तितक्याच वेगाने कपात केली. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार, तर जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनने १८ हजारांहून अधिक, गुगलच्या मूळ कंपनीने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. पाच-दहा वर्षांचा अनुभव असलेली ही माणसे नवपदवीधरांच्याच रांगेत येऊन उभी राहिली. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या, २०२३ च्या माहितीवर आधारलेल्या आकडेवारीत संगणकशास्त्राच्या नवपदवीधरांतील बेकारी ६.१ टक्के, तर संगणक अभियांत्रिकीच्या पदवीधरांतील ७.५ टक्के होती. ‘संगणक शिकला की पोट भरले’ हे समीकरण अमेरिकेच्या स्वतःच्या मुलांनाही लागू पडेनासे झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यात नवी भर घातली. नवख्याला शिकण्यासाठी दिली जाणारी लहानसहान कामे यंत्राकडे सोपवता येऊ लागली. त्याच यंत्राच्या मदतीने प्रत्येक जण शेकडो अर्ज पाठवू लागल्याने भरती करणाऱ्यांपुढे अर्जांचे डोंगर उभे राहिले.

पुढील पायरी एच-१बी व्हिसाची. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी त्याची मर्यादा. इच्छुक कित्येक पट, म्हणून सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. अमेरिकेत आधीच शिकत असलेल्यांनी तेथेच दर्जा बदलून घेतल्यास हे शुल्क लागणार नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये आला. पण मधल्या काळात किती घरांतील झोप उडाली, याची नोंद कोण ठेवणार? डिसेंबर २०२५ मध्ये सोडतीत अधिक वेतनश्रेणीला अधिक संधी देणारा नियम जाहीर झाला. त्याची झळ कमी वेतनावर सुरुवात करणाऱ्या नवोदितांनाच अधिक. कोणास प्रवेश द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि तो आपण मान्य केला पाहिजे. मात्र दुसऱ्याच्या धोरणावर आपल्या घराचे भवितव्य गहाण टाकताना आपण पुरेसा विचार करतो का, हा प्रश्न आपल्यालाच विचारायचा आहे.

येथे ‘गहाण’ हा शब्द अलंकारिक नाही. ४० लाखांचे शैक्षणिक कर्ज आज मध्यमवर्गीय घरांत दुर्मीळ राहिलेले नाही. साडेसात लाखांच्या पुढे राष्ट्रीयीकृत बँका सामान्यतः तारण मागतात आणि ते तारण बहुधा वडिलांनी आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले राहते घर असते. ११ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर ४० लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५५ हजार रुपये होतो. शिक्षणाच्या काळात साचणारे व्याज त्याहून वेगळे. डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता सुसह्य वाटतो. पुण्यात नव्याने नोकरीस लागलेल्या बहुतेक अभियंत्यांना तो पेलणारा नाही. ते ९० दिवस जीवघेणे वाटतात ते या हप्त्यामुळे.

आणि येथेच घरातील संवादाला तडा जातो. भारतात रात्र झाली की तिकडे सकाळ असते. फोन येतो आणि आई विचारते, ‘झाले का रे काही?’ प्रश्न मायेपोटीच असतो. उत्तर येते, ‘चालू आहे, दोन ठिकाणी बोलणी सुरू आहेत.’ पुष्कळदा ती बोलणी कधीच थांबलेली असतात. मुलगा आई-वडिलांना काळजी नको म्हणून खरे सांगत नाही. वडील घर तारण असल्याचा ताण मुलाला जाणवू नये म्हणून हप्त्याविषयी बोलत नाहीत. दोघेही एकमेकांसाठीच गप्प राहतात आणि दोघेही एकाकी होतात. या शोधात पैसा जातो, काळ जातो. पण आमच्या मते सर्वांत मोठी हानी घरातील या खरेपणाची आहे. जे घर संकटात एकत्र बसून बोलू शकत नाही, त्याच्या कुटुंबव्यवस्थेचा गौरव व्यासपीठावरून कितीही केला तरी तो पोकळच ठरतो.

हे एकाकीपण माणसाला भलत्या वाटेला नेऊ शकते. खोटा अनुभव लिहून देणारे आणि कागदोपत्री नोकरी दाखवणारे दलाल अशाच वेळी भेटतात. मिशिगनमध्ये अमेरिकी तपासयंत्रणेनेच सापळा म्हणून उभारलेले ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ जानेवारी २०१९ मध्ये उघडकीस आले. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत, केवळ शुल्क भरून कागदोपत्री विद्यार्थी राहण्याची सोय. तेथे नाव नोंदवलेल्या सुमारे ६०० जणांत बहुसंख्य भारतीय होते. अनेकांना अटक झाली, परत पाठवणी झाली. घरी ‘आता मार्ग दिसत नाही’ असे सांगता येणारा मुलगा अशा दलालाच्या हाती सहसा लागत नाही.

मग करायचे काय? प्रथम, कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून हप्त्याचा हिशेब दोनदा मांडावा. एकदा डॉलरच्या पगारावर आणि एकदा भारतातील पगारावर. दुसरा हिशेब जमत नसेल तर कर्ज कमी करावे, विद्यापीठ बदलावे किंवा दोन वर्षे येथे नोकरी करून मग जावे. दुसरे, मुलगा तेथे असताना रोजच्या चौकशीऐवजी आठवड्यातून एकदा निवांत बोलावे आणि त्या बोलण्यात नोकरीखेरीज अन्य विषयही असावेत. तिसरे, तेथे स्थिरावलेल्या मराठी माणसांनी आपापल्या महाराष्ट्र मंडळांतून या मुलांचा हात धरावा. सरावाची एखादी मुलाखत, कंपनीत सुचवलेले एक नाव, भाड्याची तजवीज होईपर्यंत पंधरा दिवसांचा निवारा, एवढ्यानेही ९० दिवसांचा भार हलका होतो. गणेशोत्सवाच्या वर्गणीइतकेच हेही मंडळाचे काम आहे.

चौथी गोष्ट आपल्या येथील समाजासाठी. काही मुले परततील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांची साडेअकरा पौंडांची मासिक शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास सेवेसाठी आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. त्या अन्यायाशी आजच्या कोणाच्याही अडचणीची तुलना होऊ शकत नाही आणि करूही नये. परंतु शिकून परत आलेल्या माणसाशी समाज कसा वागतो यावर त्या समाजाची पारख होते, हा त्यातील धडा आजही आपल्यासमोर आहे. परतलेल्या तरुणाला लग्नसमारंभात ‘काय, जमले नाही वाटते?’ असे विचारणारे आपणच असतो. आणि गेलेल्याला ‘डॉलरच्या मागे पळाला’ म्हणून हिणवणारेही आपणच. जगातील कंपन्यांची १७०० हून अधिक तंत्रकेंद्रे २०२४ मध्ये भारतात होती आणि पुणे हे त्यांचे एक महत्त्वाचे ठाणे आहे. तिकडे शिकलेली विद्या येथे वाया जाते, हा समज आता सोडून द्यावा.

नोकरी मिळेल किंवा मिळणार नाही. ते पुष्कळ अंशी आपल्या हाती नाही. ‘काहीही झाले तरी घराचे दार उघडे आहे आणि हप्त्याचे आपण मिळून पाहू,’ हे वाक्य मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. ज्या घरांतील मुले आज तिकडे अर्ज भरीत बसली आहेत, त्या घरांनी ते येत्या रविवारच्या फोनवरच बोलून टाकावे.