गुडघाभर पाणी

येरमाळ्याच्या परिसरात नदी म्हणजे वर्षातील बरेच महिने नुसती वाळू आणि गुरांची वाट. बालाघाटच्या या माथ्यावर पडलेले पाणी एकीकडे तेरणा-मांजरेतून गोदावरीस, तर दुसरीकडे सीनेतून भीमेस जाऊन मिळते. परंतु उताराच्या ओढ्यांत ते फार काळ ठरत नाही. ज्या पाण्याची वाट पाहण्यात आयुष्य सरते, त्याचे भय कोणी बाळगावे? सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा तालुक्यातून माणसे हेलिकॉप्टरने उचलून आणावी लागली, तेव्हा कायमच्या दुष्काळी गणल्या गेलेल्या या जिल्ह्याला पाण्याचे दुसरे रूप दिसले. तथापि महापूर निदान डोळ्यांना दिसतो. फरशी पुलावरून वाहणारे पाणी मात्र क्षुद्र दिसते, आणि ‘गुडघाभरच तर आहे’ असे म्हणून माणूस त्यात पाऊल टाकतो.

पाण्याचे बळ खोलीवर नव्हे, वेगावर मोजावे लागते. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, हा शाळेतच शिकविण्याजोगा हिशेब आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार किलो वजन. ते अंगावर धावून येते तेव्हा धट्टाकट्टा गडीही कोलमडतो. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी उचलून नेऊ शकते. खडकाळ पात्रातील खळाळ तर अधिकच फसवा. त्याच्या पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असल्याने ते पोहणाऱ्याचा भार नीट पेलत नाही. आणि उभे राहू पाहणाऱ्याचा पाय दगडांच्या कपारीत अडकला की प्रवाहच त्याला पाण्याखाली दाबून धरतो. म्हणून वाहून जाणाऱ्याने उभे राहण्याची धडपड न करता, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करून उताणे तरंगत काठ गाठावा. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते व माणसाला पुनःपुन्हा त्याच धारेखाली ओढते. वरून पाहणाऱ्यास तेथे केवळ शोभा दिसते!

वर्षासहलीस निघणाऱ्या शहरवासीयांनी आपण अधिक शहाणे असल्याचा भ्रम बाळगू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती माणसे एकमेकांना धरून उभी होती. पाणी क्षणांत वाढले. माथ्यावर ऊन असतानाही वरच्या अंगाला पाऊस कोसळत असतो, हे सहलीच्या उत्साहात कोणाला आठवते?

केवळ लोकांना दोष देऊन शासनास मोकळे होता येणार नाही. चैत्र पौर्णिमेच्या येडेश्वरीच्या यात्रेसाठी बंदोबस्त आधीच आखला जातो; मग दर वर्षी येणाऱ्या पाण्यासाठी तो का नसावा? प्रत्येक फरशी पुलावर पाण्याची उंची दाखविणारा रंगविलेला खांब, दोन्ही टोकांस आडवा दांडा आणि तो केव्हा पाडावयाचा याचा अधिकार गावातीलच एका जबाबदार माणसाकडे, एवढीच आमची मागणी आहे. त्यास मोठा खर्च लागत नाही. दांडा पडला की एस.टी.ची गाडी असो वा पुढाऱ्याची मोटार, ती थांबलीच पाहिजे. त्या खांबाशी एक लांब दोरखंडही टांगलेला असावा. कारण बुडणाऱ्यामागे उडी टाकणाऱ्याचेही प्रेत अनेकदा दुसऱ्या दिवशी शोधावे लागते, आणि काठावरून फेकलेला दोर दोघांनाही वाचवू शकतो.