छी म्हणायचं नाही, एवढाच नियम

ॲव्होकाडोवर लिहायला बसले याचं मलाच आधी हसू येतंय. आमच्या सोलापुरात हे फळ मॉलमध्ये नाहीतर एखाद्या मोठ्या फळवाल्याकडे मिळतं. बंगळूरला त्याला बटर फ्रूट म्हणतात, तिथे ज्यूसच्या दुकानात दुधात घालून पितात. कूर्ग, वायनाड, निलगिरीत त्याची झाडं आहेत. आमच्याकडे मात्र ते मोबाइलवर बघायचं फळ.

आणि मोबाइलवरच आयांच्या ग्रुपमध्ये पोस्टी येत असतात, मुलांना ॲव्होकाडो द्या, सुपरफूड आहे. माझं मत विचाराल तर त्यासाठी देऊ नका. शंभर ग्रॅम गरात साधारण 15 ग्रॅम स्निग्धांश असतो, तोही चांगल्या प्रतीचा, हे खरं. पण चांगला स्निग्धांश शेंगदाण्यातही असतो, आणि शेंगाचटणीच्या गावात राहून त्यासाठी एवढे पैसे कोण मोजणार? तरीही मी माझ्या सहावीच्या वर्गात दोन ॲव्होकाडो नेले. कारण वेगळं होतं.

माझी मुलगी मराठी शाळेत पाचवीला आहे. एक दिवस तिचा खिमा-चपातीचा डबा जसाच्या तसा परत आला. शेजारची मुलगी म्हणाली होती, "छी, वास येतोय." त्यानंतर तिने जॅम-ब्रेडशिवाय काही नेलं नाही. मला राग आला, वाईटही वाटलं. पण त्याच हिवाळ्यात माझ्या स्वतःच्या उर्दू शाळेत एका मराठी सहकाऱ्यांनी हुलग्याचं माडगं आणलं, तेव्हा माझ्याच वर्गातली पोरं नाकाला हात लावून म्हणाली, "छी, ये क्या है?" छी मराठीतही छी आणि उर्दूतही छीच. भाषांतराची गरज नसलेला शब्द. मी दोन्ही भाषा शिकवते, मला हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

आता मुलांना समोर बसवून "दुसऱ्याच्या अन्नाला नावं ठेवू नका" असं सांगितलं की ती मान डोलावतात आणि मधल्या सुट्टीत विसरतात. बरं, खिमा किंवा माडगं घेऊन धडा द्यावा तर कुणाचं तरी घर वर्गासमोर उभं राहतं. मला असा पदार्थ हवा होता जो कुणाच्याच घरचा नाही. ॲव्होकाडोपुढे सगळे सारखेच अनाडी, मीसुद्धा.

पहिल्या दिवशी फजिती झाली. फळं दगडासारखी निघाली. ॲव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो, हे वाचलं होतं, पण दुकानात दाबून बघायचं धाडस झालं नाही. मग तोच खेळ केला. केळ्यासोबत वर्तमानपत्रात गुंडाळून ती कपाटात ठेवली, आणि रोज दोन मुलांनी अंगठ्याने हळूच दाबून फळ्यावर लिहायचं की आज कसं लागलं. दगड. खोडरबर. तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं, "अम्मीच्या हाताचा कोपरा." चौथ्या दिवशी फळ तयार झालं. केळ्यातून निघणाऱ्या वायूमुळे शेजारचं फळ लवकर पिकतं हे विज्ञानाच्या तासाला चार ओळींत संपलं असतं, इथे चार दिवस चाललं.

कापायचं काम मी केलं. बी इतकी बुळबुळीत की हातातून सुटून पहिल्या बाकाखाली गेली, आणि अर्धा वर्ग तिच्या मागे. एका फोडीला लिंबू चोळलं, दुसरीला नाही, तास संपेपर्यंत बिनलिंबाची काळवंडली. बाकीचा गर मुलांनीच चमच्याने ठेचला. त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, मीठ. मेक्सिकोतल्या लोकांचा हा जुना पदार्थ, ग्वाकामोले. ते मक्याच्या रोटीच्या कुरकुरीत तुकड्यांसोबत खातात, आम्ही सोलापूरच्या कडक भाकरीसोबत खाल्ला. मी सांगितलं की ॲव्होकाडोसारखीच मिरची आणि टोमॅटोही तिकडूनच, अमेरिका खंडातून आलेत, तेव्हा मिरचीवर कुणाचा विश्वासच बसेना. "टीचर, फिर हम पहले क्या खाते थे?" काळी मिरी, म्हटलं.

नियम एकच होता. खायची जबरदस्ती नाही, पण छी म्हणायचं नाही. आवडलं नाही तर ते कशासारखं लागतं ते सांगायचं, मराठीत किंवा उर्दूत. साबण. कच्चे शेंगदाणे. बिनसाखरेचं लोणी. नर्म, चिकट, तुरट. आठवड्याच्या शब्दसंपत्तीइतकी विशेषणं अर्ध्या तासात निघाली. आणि एक गंमत. इंग्रजांनी याला मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं नाशपाती म्हटलं, उर्दूतही मगरनाशपाती म्हणतात. आपला पेरू हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या नाशपातीवरून आला आणि उर्दूतला अमरूद फारसीत नाशपातीच आहे. म्हणजे ओळखीचं नसलेलं फळ दिसलं की माणसं त्याला ओळखीच्या फळाचं नाव देतात. पोरांनी साबण म्हटलं, तेही तेच.

अडतीसपैकी अकरा जणांनी तोंडात घातलंच नाही. मी आग्रह केला नाही. नवीन चव मुलांना पहिल्या घासाला क्वचितच आवडते, आठ-दहा वेळा समोर यावी लागते, आणि दटावून खायला लावलं की ती कायमची नकोशी होते. नाही म्हणायचीही रीत असते. हुजूर (स.) यांच्यासमोर एकदा वाळवंटात मिळणारा, सरड्याच्या जातीचा भाजलेला सांडा आला. आपल्या लोकांच्या मुलखात हा नसतो, म्हणून मन होत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. शेजारी बसलेल्या खालिद बिन वलीद यांनी तो खाल्ला, त्यांना अडवलं नाही. ही हदीस आमच्याकडे हलाल-हराम समजावताना सांगतात. मला ती डब्याच्या वेळी सांगावीशी वाटते.

एका पालकांनी विचारलं, गरिबाच्या पोरांना हे नखरे कशाला? प्रश्न रास्त आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, गोटे, पानं वापरली, हे बीएडला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या हिशेबात ॲव्होकाडो बसत नाही. दोन फळांचे पैसे माझ्या पर्समधून गेले, दर महिन्याला जाणार नाहीत. पण ओळख नसलेलं स्वस्तातही मिळतं. पुढच्या आठवड्यात मी त्या सहकाऱ्यांनाच माडगं करून आणायला सांगितलं. नियम तोच. "राखेसारखा वास, पण गरम छान लागतं," एक मुलगी म्हणाली. सर हसले आणि म्हणाले, माझा मुलगाही हेच म्हणतो.

बिया आम्ही फेकल्या नाहीत. एक पाण्यात उकळली तर पाणी गुलाबी झालं, त्यात पांढरा रुमाल बुडवला. दुसरी काड्या टोचून ग्लासात पाण्यावर टांगली आहे. महिना झाला, आता कुठे तळाला चीर पडलीय.

मुलीच्या वर्गशिक्षिकेला हे सगळं मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, कल्पना छान आहे, पण खाण्यापिण्याचा विषय, पालक काय म्हणतील?" मी म्हटलं, खिम्यापासून नका करू, फळापासून करा. बघू म्हणाल्या. डब्यात अजून जॅम-ब्रेडच जातोय. जूनमध्ये परत विचारीन.