‘लाल चिखल’ आणि आपला फ्रीज

जुलै २०२३ आठवतोय? टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, काही शहरांत तर दोनशेही गाठले. मीम्सचा पाऊस पडला. केंद्र सरकारला सवलतीच्या दरात टोमॅटो विकावे लागले. आणि दोनच महिन्यांत नाशिक भागात घाऊक भाव किलोला तीन ते पाच रुपयांवर आला. तोडणी आणि वाहतुकीचा खर्चही निघेना, म्हणून शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ कथेतला बापही न विकले गेलेले टोमॅटो भर बाजारात तुडवतो. कथा जुनी आहे, चित्र मात्र बदललेलं नाही.

असं का होतं? भाव चढला की लागवड वाढते आणि सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो. टोमॅटोत साधारण ९४ टक्के पाणी, त्यामुळे तो थांबून राहत नाही. केंद्राने २०१८-१९च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी ५०० कोटींची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जाहीर केली होती. तरीही २०२३ घडलंच.

आता आपल्या घरात डोकावू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार भारतात घरोघरी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. यात साली-बियाही धरल्या आहेत. पण फ्रीजच्या तळाशी मऊ पडलेली काकडी आणि काळवंडलेली कोथिंबीरही त्यातच येते. हा भाग मात्र आपल्या हातात आहे.

आपल्याकडे यावर उपाय होताच. कैरीची आंबोशी, आमसूल, फणसपोळी, मुरांबा हे सगळं म्हणजे पुढच्या महिन्यांची बेगमी. त्यामागचं विज्ञानही सोपं आहे. ऊन पाणी काढून घेतं, मीठ आणि साखर उरलेलं पाणी जंतूंच्या हाती लागू देत नाहीत, आंबटपणा त्यांची वाढ रोखतो. आज फ्रीझरही आहे. मटार दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून लगेच गार करा, नीट निथळून फ्रीझरमध्ये ठेवा. टोमॅटो शिजवून, वाटून, आटवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. फक्त घरची प्युरी बाटलीत हवाबंद करून बाहेर ठेवू नका. आंबटपणा कमी पडला तर त्यात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं आणि ते वासावरून कळेलच असं नाही.

अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात गच्चीवर वाळवण घालणारे हात बहुतेक घरांत आई, आजी, काकूचेच असतात. त्या नोकरीला लागल्या, गच्च्या गेल्या आणि साठवणही मागे पडली. ‘आजीच्या वेळचं परत आणू या’ म्हणणं सोपं आहे, पण ते काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडणार असेल तर त्याला बचत कसं म्हणायचं?

दोन किलो प्युरीने शेतकऱ्याचा भाव वाढणार नाही. त्यासाठी शीतगृहं, प्रक्रिया उद्योग आणि त्यांच्याशी पक्के करार लागतील, आणि ते सरकारकडे मागावेच लागतील. पण टोमॅटो दहा रुपये किलो झाला की दोन किलो जास्त आणणं आणि रविवारी स्वतः चिरायला बसणं, एवढं तर रूमवरही जमेल.