ओठ उलण्याचे दिवस
नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, त्याच थंडीच्या दिवसांत इथल्या माणसांचे ओठ उलतात. मिरचीतलं पाणी ओढून घेणारी कोरडी हवा ओठांनाही सोडत नाही. बाकीच्या बहुतेक कातडीला तेलग्रंथी असतात, ओठांना त्या जवळजवळ नसतातच, आणि त्यांचा वरचा थरही फार पातळ. मग आपण जीभ फिरवतो आणि खरं नुकसान तिथेच होतं: लाळ वाळताना होता तो ओलावाही घेऊन जाते, शिवाय तिच्यातले पाचकरस नाजूक कातडीला झोंबतात. पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांचा विचार माझ्या मनातून जात नाही. उललेल्या ओठावर तिखटाची धूळ बसली की काय आग होते, ते त्यांनाच ठाऊक. नाकातोंडावर घट्ट बांधलेला रुमाल तिथे औषधाइतकाच मोलाचा. वर सातपुड्यात, तोरणमाळकडे, थंडी आणखी कडक. मोहाच्या बियांचं तेल गारठ्यात तुपासारखं गोठतं. ते तेल असो, साजूक तूप असो की साधं व्हॅसलीन, निजताना ओलसर ओठांवर लावावं. सालपटं ओढू नयेत, थंडीत तहान कमी लागली तरी पाणी प्यावं. तोंडाचे कोपरेच चिरत असतील तर मात्र तेलाने भागत नाही. ब जीवनसत्त्व किंवा लोह कमी पडलेलं असू शकतं, कधी बुरशीही असते. आणि तंबाखू खाणाऱ्याच्या ओठावरची चीर दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर थंडीला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.