चाप तपासला, हुकूम कोण तपासणार?

करावे गावच्या गावठाणात, गरजेपोटी बांधलेल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर आमचे एक जुने वाचक भाड्याने राहतात. राज्य राखीव पोलीस दलात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण पहाटे उठून बूट पुसण्याची सवय काही सुटलेली नाही. मध्यंतरी जयंतीच्या वर्गणीसाठी कार्यकर्त्यांसोबत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. पोरांपैकी एक जण पोलीस भरतीची तयारी करतो आहे. त्याने विचारले, "काका, रायफलचा चाप नीट चालतो की नाही, हे गोळी न झाडता कसं कळतं?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि तिचीच रायफल करून दाखवली.

त्यांच्या हातात वर्षानुवर्षे होती ती एसएलआर. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या रायफलवरून आपल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली, 7.62 मिलिमीटरची, वीस गोळ्यांच्या मॅगझिनची. ही अर्धस्वयंचलित रायफल आहे. म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चेंबरमध्ये चढते, पण ती सुटण्यासाठी बोट ढिले करून चाप पुन्हा दाबावा लागतो. एक दाब, एक गोळी.

तपासणीचे पहिले काम रायफल रिकामी करण्याचे. मॅगझिन काढायचे, कॉकिंग हँडल दोनदा ओढायचे, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे, अंधार असेल तर बोट घालून पाहायचे. "मॅगझिन काढलं म्हणजे बंदूक खाली झाली, असं समजणारा शिपाई एक दिवस कुणाचा तरी जीव घेतो," काका म्हणाले. मग नळी मोकळ्या दिशेला धरून चाप तपासायचा. खटका 'एस'वर, म्हणजे बंद ठेवून चाप दाबायचा. काहीही होता कामा नये. खटका 'आर'वर करून दाबायचा. आत घोडा पडल्याचा खट्ट आवाज आला पाहिजे. आता बोट सोडायचे नाही. चाप दाबलेलाच ठेवून हँडल पुन्हा ओढून सोडायचे. घोडा अडकून राहिला पाहिजे, पडता कामा नये. मग बोट हळूहळू ढिले करायचे, बारीकसा 'टिक' ऐकू येतो. त्यानंतर पुन्हा दाबला की घोडा पडला पाहिजे. दाबलेल्या चापावर घोडा आपोआप पडला, तर आतला अडकवणारा भाग झिजला आहे असे समजायचे. अशी रायफल एका दाबात दोन-तीन गोळ्या टाकू शकते. ती त्याच क्षणी बाजूला काढून आर्मररकडे द्यायची.

या चार परीक्षांपैकी दोन गोळी सुटावी म्हणून आहेत आणि दोन गोळी सुटू नये म्हणून. रायफल बनवणाऱ्यांना एवढी अक्कल होती. ज्यांच्या हाती रायफलींच्या तुकड्या आहेत त्या राज्यकर्त्यांना ती कधी येणार, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

हा विषय आंबेडकरी वाचकाला परका वाटू नये. आपल्या समाजाचे आणि रायफलीचे नाते जुने आहे. इंग्रजांनी 1890च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज लिहून दाद मागितली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. आज पोलिसांत, राखीव दलात, होमगार्डमध्ये आपली पोरे आहेत, आणि त्यांच्या समोरच्या जमावातही पुष्कळदा आपलीच माणसे असतात. चापाच्या दोन्ही बाजूंना आपण आहोत.

चाप चालला नाही तर काय होते, ते महाराष्ट्राने 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पाहिले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके रायफली घेऊन शिरले, तेव्हा तिथल्या पोलिसांच्या हातात लाठ्या आणि थ्री-नॉट-थ्री होत्या. थ्री-नॉट-थ्री म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागणारी, आजोबांच्या काळातली बंदूक. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दारूगोळ्याच्या तुटवड्यावर आणि सरावाच्या अभावावर बोट ठेवले. ज्या शिपायाला सरावाला काडतूस मिळत नाही, त्याने हातातली बंदूक ऐनवेळी चालेल यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हाताने धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांच्या हाती फक्त लाठी होती. सरकारने त्यांना अशोकचक्र दिले, ते योग्यच झाले. पण चक्र देणारे सरकार आधी चांगली रायफल देऊ शकले नव्हते, हेही तेवढेच खरे.

ही झाली चाप न चालण्याची बाजू. तिच्यावर समित्या बसतात, नव्या खरेदीच्या निविदा निघतात, विधानसभेत भाषणे होतात. चाप चालू नये तेव्हा चालला, तर मात्र या राज्यात काय होते? त्याचे उत्तर करावे गावाला कुणी शिकवण्याची गरज नाही.

1970 साली सिडको आली आणि ठाणे-रायगडच्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबईचा नकाशा काढला गेला. करावे त्यांतलेच एक. आगरी-कोळी-कराडी माणसाची भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडी बुजली. कवडीमोल भाव देऊन सरकारने जमीन घेतली आणि भूखंडाचा भाव चौरस मीटरवर लावला. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. 16 जानेवारी 1984 रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडल्या. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमळाकर तांडेल, महादेव पाटील, केशव पाटील. पाच माणसे गेली. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण त्यांच्या रक्तातून आले, हे या पट्ट्यातले शेंबडे पोरही सांगेल.

आमच्यातले काही जण विचारतील, हा तर शेतकरी कामगार पक्षाचा लढा, आपला काय संबंध? संबंध आहे. याच रायगडात 1933 पासून नारायण नागू पाटलांनी चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप चालवला आणि बाबासाहेब त्या आगरी कुळांच्या पाठीशी उभे राहिले. 1937 साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच मांडले. आगऱ्याच्या छातीवर सुटलेली गोळी आपली नाही असे म्हणणाऱ्याने बाबासाहेब अर्धेच वाचले आहेत.

आणि ज्याला आपली गोळी हवी असेल, त्याने खाडीपलीकडे घाटकोपरला जावे. 11 जुलै 1997. माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राखीव दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा जण ठार झाले. आधी पुरेसा इशारा नाही, लाठीमार नाही, अश्रुधूर नाही, असे तिथले रहिवासी तेव्हापासून सांगत आले आहेत. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, अशी कहाणी पोलिसांनी रचली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ती फेटाळली आणि गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षक मनोहर कदमला दोषी धरले. सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला जन्मठेप दिली ती मे 2009 मध्ये. बारा वर्षांनी! पुढे उच्च न्यायालयातून तो जामिनावर सुटला. शाहीर विलास घोगरे यांनी मात्र चार दिवसही वाट पाहिली नाही. 15 जुलैला त्यांनी गळफास घेतला.

त्या दिवशी तुकडीतल्या रायफली बिघडलेल्या होत्या असे कुणीही म्हटले नाही. चाप दाबला तेव्हा घोडा पडला. आर्मररच्या दृष्टीने सगळे ठीक होते. 9 ऑगस्ट 2011 ला मावळात पवनेच्या पाण्यासाठी द्रुतगती मार्गावर आलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तिघे गेले, तेव्हाही सगळे ठीकच असणार. 31 जुलै 2023 ला जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाच्या सरकारी रायफलीतून गोळ्या सुटल्या. त्याचा वरिष्ठ अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी मारले गेले. ती रायफलही तपासणीत पास झाली असती. रायफल हातात देण्याआधी माणसाचे डोके कोणी तपासायचे, त्याच्या मनात कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा द्वेष साचला आहे हे कोणी पाहायचे, याचे रजिस्टर कोणत्याही शस्त्रागारात नाही.

कायद्यात खटका आहे, नाही असे नाही. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम द्यायचा अधिकार कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तो नसेल तर किमान उपनिरीक्षक यांनाच आहे. आधी हुकूम, तो न ऐकल्यास बळ, आणि लष्कर बोलावले तर तेही कमीत कमी बळ आणि कमीत कमी इजा, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 129 आणि 130 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच 148 आणि 149 झाले. पण त्याच्या पुढेच, जुने 132 आणि नवे 151, अशी भिंत उभी आहे: सरकारच्या मंजुरीशिवाय अशा अधिकाऱ्यावर खटला नाही. म्हणजे ज्या सरकारच्या हुकमतीखाली गोळी सुटली, त्याच सरकारने खटल्याला परवानगी द्यायची. चाप झिजला की नाही हे झिजलेल्या चापालाच विचारण्यातला हा प्रकार.

काकांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या डोक्यातून जात नाही. चांदमारीला गेले की प्रत्येक काडतूस मोजून मिळते आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी मोजून परत द्यावी लागते. एकदा एक पुंगळी कमी भरली. अख्खी तुकडी ऊन उतरेपर्यंत गवतात वाकून शोधत होती. ती सापडली तेव्हाच गाडी सुटली. "पितळेचा एवढासा तुकडा," काका बोटाच्या पेरावर दाखवत म्हणाले, "पण हिशेब म्हणजे हिशेब." हे ऐकून पोरे हसली. आम्हाला हसू आले नाही. पितळेच्या तुकड्याचा हिशेब इतका चोख ठेवणारे खाते छातीत घुसलेल्या गोळीच्या हिशेबाला बारा वर्षे लावते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. चकमकीतल्या मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी, मुंबईतल्याच चकमकींवरून निघालेल्या प्रकरणात, सोळा सूचना दिल्या. त्यांत संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावीत हेही आहे. हाच नियम जमावावरच्या प्रत्येक गोळीबाराला लावा. गोळीबार झाला की तुकडीच्या सर्व रायफली, काडतुसे वाटल्याचे रजिस्टर आणि जमा झालेल्या पुंगळ्या त्याच दिवशी सील करून प्रयोगशाळेत पाठवा. हुकूम कोणी दिला, किती वाजता दिला, इशारा कोणत्या शब्दांत दिला, हे लेखी ठेवा आणि विधानमंडळासमोर मांडा. खटल्याच्या मंजुरीला मुदत घाला. मुदतीत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरा. आणि जो शिपाई उद्या अतिरेक्यासमोर उभा राहणार आहे, त्याला सरावाची काडतुसे आणि धड चालणारी रायफल द्या. ती मागतानाही आम्ही मागे हटणार नाही, कारण तोही आपलाच आहे.

दर 16 जानेवारीला जासईला हुतात्म्यांना अभिवादन करायला मोठमोठे पुढारी येतात, हार घालतात, भूमिपुत्रांवर बोलतात आणि जातात. करावे, नेरूळ, बेलापूर, उरणच्या वाचकांनी येत्या वर्षी त्यांच्यातल्या एखाद्या मंत्र्याला थांबवून एवढेच विचारावे: 1984 सालच्या त्या दोन दिवसांत किती काडतुसे दिली गेली, किती पुंगळ्या परत आल्या आणि ते रजिस्टर आज कोणत्या कपाटात आहे?